मुलं वाचत नाहीत म्हणता, तर आधी त्यांना वाचताना ऐका

नाशिक जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत तीन वर्षांपूर्वी रुजू झालेल्या सरांचा प्रश्न आहे : “आठवीला मराठी शिकवतो. पट ५२. धडा मी वाचतो, समजावतो, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून देतो. चाचणीत गुण बरे पडतात. पण पाठ्यपुस्तकाबाहेरचं एक पान मुलं वाचत नाहीत. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला पुस्तकं वाटली, तेवढा दिवस वाचली. आता ती पुन्हा कपाटात आहेत. मुलांना गोडी लागावी आणि माझं शिकवणंही सुधारावं, यासाठी काय करू?”

सर, तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. “धडा मी वाचतो.” धुळे जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवताना मला २७ वर्षं झाली. त्यातली पहिली ११ वर्षं मीही असंच करत होते. आवाज चांगला होता, वाचन भावपूर्ण होतं, मुलं शांत बसायची. वर्ग शांत आहे म्हणजे वर्ग शिकतो आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

बाराव्या वर्षी डिसेंबरात माझा घसा बसला. किरकोळ रजा संपल्या होत्या. वर्गात गेले आणि फळ्यावर लिहिलं, “आज धडा तुम्हीच वाचा. मनात वाचा.” बोलता येत नव्हतं म्हणून बाकांच्या ओळींमधून नुसती फिरत राहिले. त्या दिवशी मला माझा वर्ग पहिल्यांदा दिसला. तिसऱ्या बाकावरच्या मुलाचं बोट २५ मिनिटं एकाच परिच्छेदावर होतं. शेजाऱ्याने पान उलटलं, तेव्हा त्यानेही उलटलं. या मुलाला घटक चाचणीत २० पैकी १४ गुण होते. नंतर हळूहळू कळलं, मी फळ्यावर लिहून दिलेली उत्तरं त्याची मोठी बहीण रात्री मोठ्याने वाचायची आणि तो ती ऐकून पाठ करायचा. आठवीत आलेल्या मुलाला वाचता येत नव्हतं आणि माझ्या गुणपत्रकात ते कुठेच दिसत नव्हतं.

म्हणून गोडीचं थोडं बाजूला ठेवा. जे करताना प्रत्येक ओळीला दम लागतो, ते कोणी आपणहून करत नाही. आधी एकेका मुलाला वाचताना ऐका.

५२ मुलं आहेत हे लक्षात ठेवूनच सांगते. एका मुलाला ३ मिनिटं धरली, तरी १५६ मिनिटं, म्हणजे शाळेच्या साधारण पाच तासिका लागतात. बाकीच्यांना लेखनाचं काम द्या, टेबल खिडकीशी घ्या आणि एकेकाला जवळ बोलवा. मुलांनी आधी न पाहिलेला शंभरेक शब्दांचा उतारा घ्या. पाठ्यपुस्तकातला नको, तो कदाचित ऐकून पाठ असतो. ग्रामीण मुलांना वाचता येतं का हे तपासणाऱ्या “असर” सर्वेक्षणात २००५ पासून जी साधी चाचणी वापरतात, तिच्या चार पायऱ्या आहेत : अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. माध्यमिकच्या शिक्षकाला ती वापरायला संकोच वाटतो. मलाही वाटला होता. पण जो मुलगा शंभर शब्दांत अडतो, त्याला एक पायरी खाली आणून बघितल्याशिवाय तो नेमका कुठे अडतो ते कळत नाही. वाचून झाल्यावर गुण सांगू नका. “छान, जा” एवढंच पुरे. वहीत त्याच्या नावापुढे तो कुठे अडखळला ते शब्द लिहा. हे शब्दच तुम्हाला पुढचा रस्ता दाखवतात.

माझ्या वहीत जे जमा झालं त्यावरून सांगते. काही मुलं रफारावर आणि जोडाक्षरावर अडतात. रफार काढलेला असतो एका अक्षरावर आणि उच्चारायचा असतो त्याच्या आधी. हे कोणी नीट उलगडून दाखवलेलं नसेल, तर आठवीतही “पर्वत”चं “पवत” होतं. “दुसऱ्या”, “वाऱ्यावर” यातला ऱ्य आणि “सूर्य”, “कार्य” यातला र्य यांत गोंधळ होतो. द्ध, द्य, द्व एकमेकांसारखे दिसतात. हा दोष उपचाराला सगळ्यात सोपा. महिनाभरात जातो.

दुसरी मुलं पहिली दोन अक्षरं बघून उरलेला शब्द अंदाजाने म्हणतात. “परवानगी”चं “परवा” होतं, “समजूत”चं “समजलं” होतं. ही मुलं वेगाने वाचतात, म्हणून वर्गात हुशार वाटतात. तिसरी मुलं एकही चूक न करता वाचतात, पण पूर्णविरामावरून तशीच पुढे जातात. वाचून झाल्यावर “काय झालं गोष्टीत?” विचारलं की परत पुस्तकाकडे बघतात.

या तिसऱ्या मुलांसाठी मी एक वाक्य वापरते : “चार शेळ्यांना पाला चार.” पहिल्या “चार”मधला च चंद्रातला आहे, शेवटच्या “चार”मधला चमच्यातला. लिहिताना दोन्ही सारखेच. वाक्य कळलं तरच दोन्ही “चार” नीट म्हणता येतात. “जग” म्हणजे दुनिया आणि “जग” म्हणजे जिवंत राहा, यांचंही तसंच. आपल्याकडे पुष्कळांना वाटतं की आधी उच्चार येतो आणि मग अर्थ. मराठी लिपी च, ज, झ यांच्या बाबतीत हा क्रम उलटा करते. अर्थ कळलेला नसेल तर प्रकटवाचनही चुकतं. म्हणून मुलगा चुकीचा च म्हणाला की मी उच्चार सुधारत नाही. “शेळ्या किती आहेत? त्यांना काय द्यायचंय?” असं विचारते. उच्चार आपोआप सुधारतो.

मागे पडलेल्या मुलांना बाराखडीच्या तक्त्यासमोर उभं करू नका. चौदा वर्षांच्या मुलाला ते सहन होत नाही, तो शाळाच सोडतो. त्यांच्या रोजच्या जगातलं छापील घ्या. मी कापसाच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या, औषधाच्या बाटल्यांवरच्या सूचना, एसटीच्या वेळापत्रकाचा फोटो, ग्रामपंचायतीची नोटीस असं सगळं वर्गात आणलं. “प्रतिबंधक”, “हेक्टर”, “ग्रामपंचायत” अशी जोडाक्षरं त्यात भरपूर. तो तिसऱ्या बाकावरचा मुलगा पहिल्यांदा सलग वाचला तो बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर, कारण त्याच्या घरी तीच पिशवी आली होती आणि दोन ओळींतलं अंतर किती ठेवायचं यावरून काका आणि वडिलांचा वाद झाला होता.

याच्या जोडीला एकच छोटा उतारा तीन दिवस लागोपाठ वाचायचा. पहिल्या दिवशी माझ्याबरोबर, दुसऱ्या दिवशी मित्राबरोबर, तिसऱ्या दिवशी एकट्याने. त्याच उताऱ्यावर तिसऱ्या दिवशी आपला वेग वाढलाय हे मुलाला स्वतःलाच जाणवतं. ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुलं मार्चमध्ये परत येतात, त्यांच्यासाठी मी हेच करते. वर्गाबरोबर धडा पकडायला त्यांना लावत नाही.

आता तुमच्या तासाकडे येते. मी धड्याचं वाचन आणि प्रश्नोत्तरांचं लिहून देणं, दोन्ही थांबवलं. वेळ कुठून आणायचा असं विचाराल, तर इथूनच. प्रत्येक धड्याला उत्तरं लिहून देण्यात माझा दीड तास जात होता. तो आता मुलांच्या मूकवाचनाला मिळतो. वाचताना हातात पेन्सिल. जो शब्द अडला त्याखाली रेघ, आणि जिथे थांबून विचार करावासा वाटला तिथे समासात टिंब. मग तास त्या टिंबांवरून सुरू होतो. कोणत्या ओळीपाशी सगळ्यात जास्त टिंबं आहेत, हे दरवर्षी वेगळं निघतं. तोच धडा मला दरवर्षी नवा वाटतो, तो यामुळे.

तुमचे प्रश्नही बदलावे लागतील. समजा, धड्यात एक शेतकरी बैल विकून बाजारातून घरी येतो. “त्याने बैल का विकला?” या प्रश्नाचं उत्तर गाईडमध्ये असतं. “बैल गेला, मग घरी येताना दावं त्याच्या हातात का आहे?” याचं नसतं. या प्रश्नासाठी मुलाला धड्यात परत जावं लागतं. आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास करताना १९७० च्या दशकात दाखवलं, की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंदच थांबतात, आणि हा वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांबतात, गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. मी हे वाचल्यावर मनात आकडे मोजायला लागले. तीन सेकंद फार मोठे वाटतात, सर. व्हरांड्यातून मुख्याध्यापक जात असतील तर आणखीच मोठे. पण “दावं”च्या प्रश्नाला पाचव्या सेकंदाला मागच्या बाकावरून जे उत्तर येतं, ते पहिल्या सेकंदाला हात वर करणाऱ्याकडून येत नाही.

पहिल्या घटक चाचणीत माझ्या वर्गाचे गुण घसरले, हे स्पष्ट सांगते. तयार उत्तरांची सवय सुटायला वेळ लागतो. मी मुख्याध्यापकांना आधीच जाऊन सांगितलं होतं की असं होईल आणि का होईल. तुम्हीही सांगा. दहावीच्या कृतिपत्रिकेत अपठित उतारा असतो, स्वमत लिहायचं असतं. तिथे पाठांतर कामाला येत नाही. हा मुद्दा पालकसभेतही पटतो.

आता कपाट. त्याला कुलूप का असतं हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. पुस्तकं दाखल नोंदवहीत चढलेली असतात आणि हरवलं तर ग्रंथालय सांभाळणाऱ्या शिक्षकाला उत्तर द्यावं लागतं. त्या शिक्षकाची भीती खरी आहे, तिच्याशी भांडू नका. त्याऐवजी कपाटाबाहेर एक वेगळा साठा उभा करा, ज्याची नोंद नाही आणि ज्यातलं पुस्तक हरवलं तर कोणाला जाब द्यायचा नाही. मी वर्गाच्या भिंतीला सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी ४० पुस्तकं टांगली. पुस्तकाचं मुखपृष्ठ दिसलं पाहिजे. उभ्या रचलेल्या पुस्तकाचा नुसता कणा बघून मुलं हात लावत नाहीत. माजी विद्यार्थ्यांकडून, गावातल्या नोकरदारांकडून जुनी मासिकं मागितली. बालभारतीचं “किशोर” १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि त्या छापून वाटायला परवानगी आहे. शाळेच्या प्रिंटरवर पाठपोट छापून मधोमध टाके घातले की पुस्तक झालं.

पातळ, चित्रांची पुस्तकं आठवीतली मुलं हातात घेत नाहीत. लहान मुलांचं पुस्तक घेतलं म्हणून मित्र हसतील, ही भीती. यावर उपाय एकच सापडला. ते पुस्तक मी आधी सगळ्या वर्गाला वाचून दाखवते, मनापासून, घरी दोनदा तयारी करून. मॅडमनी वाचलं म्हणजे ते आता लहान मुलांचं राहत नाही. तुमचा वाचनाचा आवाज इथे वापरा, सर. धडा मुलांना वाचू द्या, आणि तासाच्या शेवटची दहा मिनिटं तुम्ही धड्याबाहेरचं काही वाचा. पुस्तक अर्ध्यावर सोडून ते सुतळीला लावून ठेवा. दुसऱ्या दिवशी ते जागेवर नसेल.

एक दिवसाआड पंधरा मिनिटं मुलं हवं ते वाचतात. या पंधरा मिनिटांत मी एक मोठी चूक केली होती. वाचन नोंदवही सुरू केली होती. पुस्तकाचं नाव, लेखक, आवडलेलं पात्र, तात्पर्य. तीन आठवड्यांत मुलं सगळ्यात पातळ पुस्तकं शोधू लागली आणि पाचव्या आठवड्यात एकमेकांचं तात्पर्य उतरवू लागली. त्यांचा दोष नव्हता. शाळेत वाचलेल्या प्रत्येक ओळीचा आपण हिशेब मागतो, आणि हिशेब द्यायचा असेल तर माणूस कमीत कमी खर्च करतो. वही बंद केली. आता नियम दोनच : वर्गात बोलायचं नाही, आणि पुस्तक आवडलं नाही तर अर्ध्यावर ठेवून दुसरं घ्यायचं. त्या वेळात मीही वाचते. वह्या तपासत नाही, हजेरीपट भरत नाही. मी काय वाचतेय हे मुलं चोरून बघतात, हे मला पुढे समजलं.

पहिले पंधरा दिवस नुसती पानं उलटण्याचा आवाज येतो. धीर सोडू नका. चौथ्या आठवड्यात कुणीतरी घंटा झाल्यावरही बसून राहतं. सगळी मुलं मात्र वाचक होत नाहीत. दर वर्षी पाच-सहा जण वर्षभर क्रिकेटपटूंचे फोटोच बघत राहतात. मी त्यांना बघू देते, निदान फोटोखालची ओळ ती वाचतात. पुस्तकं हरवतात. पण मे महिन्याची सुट्टी संपली की त्यातली काही न सांगता सुतळीवर परत येतात.

शेवटी भाषेचं. तुमच्याकडे कोणती बोली आहे मला माहीत नाही, आमची मुलं घरी अहिराणी बोलतात. “काय करी राहिना?” म्हणणाऱ्या मुलीला वर्गात “काय करत आहेस?” म्हणता येत नाही तोवर ती गप्प बसते, आणि आपण लिहितो, “सहभाग कमी.” अशाच एका मुलीने दोन वर्षांत माझ्या तासाला तोंड उघडलं नव्हतं. एकदा गोष्ट वाचून झाल्यावर मी म्हटलं, आपापसात घरच्या बोलीत बोला. ती ताडकन म्हणाली, “मॅडम, तो खोटं बोली राहिना!” गोष्टीतला निवेदक खोटं बोलतो आहे, हे सगळ्या वर्गात तिला एकटीला कळलं होतं. तेव्हापासून चर्चा बोलीत चालते, लिहायचं प्रमाण मराठीत. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत यायला पूल लागतो, आणि तो वर्गातच बांधावा लागतो.

मी वर्गात बहिणाबाई चौधरींची कविता शिकवत होते तेव्हाची गोष्ट. त्या आमच्या शेजारच्या जळगावच्या, त्यांची लेवा गणबोली अहिराणीच्या शेजारची. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी गाणी उतरवून घेतली आणि १९५२ मध्ये, म्हणजे त्या गेल्यानंतर, ती छापून आली. एका मुलाने विचारलं, “मॅडम, कोणी उतरवून घेतलं नसतं तर?” मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, घरी आजीला विचारा, जात्यावरचं काही आठवतं का. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हेही सांगितलं.

पुढच्या सोमवारी अकरा मुलांनी ओव्या आणल्या. महिन्याभरात वही भरली. काही ओव्या दोन गावांत थोड्या वेगळ्या निघाल्या, त्यावरून वर्गात जोरदार वाद झाला, आणि पाठभेद म्हणजे काय ते मला शिकवावंच लागलं नाही. संगणकावर टाइप करून, छापून, टाके घालून आम्ही तिचं पुस्तक केलं. प्रत्येक ओवीखाली आजीचं नाव आणि गाव. एका मुलाने ते घरी नेऊन आजीला वाचून दाखवलं, तर आजीने त्याला तीन ठिकाणी थांबवलं आणि दुरुस्त्या सांगितल्या. त्याने पेन्सिलीने त्या समासात लिहून आणल्या. सुतळीवरच्या सगळ्या पुस्तकांत हे सगळ्यात जास्त वाचलं गेलं. मुखपृष्ठ तीनदा चिकटवावं लागलं. बोट एका परिच्छेदावर ठेवून बसणारी मुलं या पुस्तकात आपल्या आजीची ओवी बोटाने शोधतात.

हे सगळं एकदम सुरू करू नका. मला बसवायला चार वर्षं लागली. आता दुसरं सत्र चालू असेल, तर उत्तरं लिहून देणं या वर्षी थांबवू नका, मुलं वार्षिक परीक्षेत घाबरतील. ते जूनमध्ये नव्या वर्गापासून करा. या आठवड्यात फक्त सुतळी बांधा आणि पहिल्या पाच मुलांचं वाचन ऐका. हजेरीच्या क्रमाने घेऊ नका, जी मुलं तुम्हाला कधीच आठवत नाहीत त्यांच्यापासून सुरुवात करा. त्यांचे अडलेले शब्द मला लिहून पाठवा. कुठल्या जोडाक्षरावर काय करायचं ते आपण शब्द घेऊनच बोलू.